वेल्ह्याचे बाकडे, डब्लिनचा काउंटर

आयर्लंडमधल्या एखाद्या गावात चार दोस्त पबमध्ये बसले की त्यांतला एक उठतो, काउंटरवर जातो आणि चौघांचे पेले भरून आणतो. ते तळाला आले की दुसरा उठतो. याला तिथे राउंड म्हणतात. चौथ्याने तिघांच्या पैशांनी तीन पेले रिचवले आणि आपली पाळी येताच ‘घरी वाट बघतायत’ म्हणून काढता पाय घेतला, तर त्याला कोणी अडवत नाही. फक्त पुढच्या शनिवारी त्याला कोणी ‘चल’ म्हणत नाही. हा नियम कुठल्या भिंतीवर लिहिलेला नसतो. ज्याला तो वाचून दाखवावा लागतो तो परगावचा, एवढे तिथे सगळ्यांना ठाऊक असते.

वेल्ह्यात पब नाही. पुणे-सातारा महामार्गावर नसरापूरच्या चेलाडी फाट्याला आत वळले की मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याला येतो. समोर तोरणा, १४०३ मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. तालुक्याला सरकारदरबारी आता राजगड हे नाव मिळाले आहे. बसायच्या जागी मात्र अजून ‘वेल्ह्याला चाललोय’ हेच ऐकू येते. आणि वेल्ह्याला गेलेला माणूस बसतो तो हॉटेलात. हॉटेल म्हणजे राहायच्या खोल्या नव्हेत. पत्र्याचे छप्पर, भट्टी किंवा गॅसची शेगडी, काचेच्या कपाटात भजी-वडा, शेव-पापडी, भिंतीवर हार घातलेला महाराजांचा फोटो, पतपेढीचे कॅलेंडर आणि रस्त्याकडे तोंड करून टाकलेली दोन-तीन बाकडी. मावळातल्या कुठल्याही मोठ्या गावात असे हॉटेल असतेच.

आयरिश पब आणि हे हॉटेल यांची तुलना वरवर ओढूनताणून केल्यासारखी वाटेल. एकीकडे काळी बिअर, दुसरीकडे साखर सढळ हाताने पडलेला चहा. पण पब हे पब्लिक हाउसचे लघुरूप आहे आणि आयर्लंडच्या खेड्यांत ते घर नुसते पिण्यापुरते कधीच नव्हते. पश्चिम किनाऱ्यावरच्या डिंगल गावात फॉक्सी जॉन्स नावाच्या पबमध्ये एका बाजूला पेले भरतात, दुसऱ्या बाजूला खिळे-हातोड्या विकतात. त्याच गावातल्या डिक मॅक्समध्ये एका हाताला दारूचा काउंटर आणि दुसऱ्या हाताला चामड्याच्या कामाचा. टिपररी परगण्यातल्या फेदर्ड गावच्या मॅकार्थीजमध्ये तर पब, जेवण आणि अंत्यविधीची व्यवस्था ही तिन्ही कामे एकाच घराण्याने सांभाळली. किराणा आणि दारू एकाच गल्ल्यावर विकणारी दुकाने तिथे शंभर वर्षांपूर्वी सर्रास होती. दारावर पाटी असते ती बहुधा मालकाच्या आडनावाची.

मावळातले हॉटेलही असेच अनेक कामांचे. चहाच्या शेगडीमागे बिस्किटाचे पुडे, काडेपेटी, मोबाइलचे रिचार्ज आणि पावसाळ्यात विक्रीला ठेवलेले, इरल्याच्या जागी आलेले प्लॅस्टिक. एसटीची चौकशी कंट्रोलरकडे करण्याआधी इथे होते. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावात झोपतात, म्हणून पहिल्या गाडीच्या आधी शेगडी पेटलेली असावी लागते; त्यांचा चहा झाल्याशिवाय गाडी हलत नाही हे प्रवाशांनाही माहीत असते आणि कोणी घाई करत नाही. तहसील कचेरी वेल्ह्यात. कोणी पानशेतच्या बाजूने पाबे घाट उतरून सातबाऱ्यासाठी आलेला, कोणी केळदकडून दाखल्यासाठी. कचेरीचे काम वेळ खाते. तो वेळ माणसे बाकड्यावर काढतात आणि तेवढ्यात कुठे भाताचा दाढ पेरला, कुठे बिबट्या दिसला, कोणाच्या पोरीचे ठरले याची बातमी खोऱ्या-खोऱ्यांतून अदलाबदल होऊन जाते.

इथला शिष्टाचार सुरू होतो तो पाय टाकल्या क्षणी. आयरिश पबात शिरणारा नवखा टेबलावर जाऊन बसतो आणि कोणी विचारायला येईल म्हणून वाट बघत राहतो. कोणी येत नाही. मागणी काउंटरवर जाऊन नोंदवायची असते. गर्दीत रांग दिसत नाही, पण कोणाच्या आधी कोण आला हे काउंटरमागच्या माणसाला पक्के माहीत असते. नोट फडकावणाऱ्याचा किंवा चुटकी वाजवणाऱ्याचा नंबर हमखास मागे जातो. गिनीज मागितली तर पेला एकदम भरून मिळत नाही. तिरका धरून पाऊण भरतात, बाजूला ठेवतात, आतला फेस वर चढून काळे-पांढरे वेगळे झाले की मग उरलेला भरतात. कंपनीच्या हिशेबाने हे सगळे ११९.५ सेकंदांचे काम आहे. मधल्या वेळेत ‘माझे कुठे राहिले?’ विचारणे हा अडाणीपणा.

वेल्ह्यात याच्या उलट. इथे नवख्याने काउंटरकडे धावायचे नाही. आधी बसलेल्यांना ‘राम राम’ करायचा, बाकड्यावरचा कोणीतरी थोडा सरकतो, तिथे बसायचे. चहा मागायचा नसतो, ‘टाका’ म्हणायचे असते, कारण आधण नव्याने ठेवले जाणार हे त्यात गृहीत आहे. ‘स्पेशल’ म्हटले की दूध जास्त. चहा कपात येतो तसा बशीतही येतो. म्हातारी माणसे बशीत ओतून, फुंकर न घालता, थोडा वेळ नुसती धरून मग पितात. त्या धरलेल्या बशीच्या वेळात त्यांना काही विचारू नये. उत्तर येत नाही, आणि विचारणारा शहरातला हे कळून जाते.

खरी गंमत पैसे देताना आहे. राउंडचा हिशेब त्याच रात्री मिटतो. चार माणसे, चार फेऱ्या, प्रत्येकाचे एकेकदा. बाकड्यावर हा हिशेब असा उघड मिटवायची सोय नाही. आधी बसलेल्याने येणाऱ्याला ‘या, चहा घ्या’ म्हणायचे. येणाऱ्याने ‘आत्ताच झाला’ म्हणायचे. तो झालेला नसतो हे दोघांना माहीत असते. दुसऱ्यांदा आग्रह झाला की बसायचे, तिसऱ्यांदा करायची वेळ आणू नये. तो मानपान झाला. बोलावणाऱ्याने पैसे द्यायचे. दुसऱ्याने खिशात हात घालून ‘राहू द्या, मी देतो’ म्हणायचे आणि पहिल्याने त्याचा हात धरायचा. मालक कोणाचे पैसे घेतो यावरून त्याची पारख दिसते: ज्याचा मान मोठा त्याचे तो घेतो, सोयरा असेल तर त्याचे मुळीच घेत नाही, तरण्या पोराने म्हाताऱ्याच्या आधी नोट पुढे केली तर ती तशीच परत सरकवतो. परतफेड होते; पण उद्या, परवा, बाजारात, किंवा एकदम लग्नाच्या पंगतीत. डब्लिनकराने राउंड मोजला नाही तर तो गबाळा. वेल्हेकराने चहा मोजला तर तो चिक्कू.

या बाकड्यांवर पूर्वीपासून व्यवहारही होतात. आयर्लंडमध्ये गुरांच्या जत्रेतला सौदा पबमध्ये पक्का व्हायचा. दोघे तळहातावर थुंकून हातात हात मारायचे आणि विकणारा मिळालेल्या पैशांतले थोडे विकत घेणाऱ्याला परत करायचा, जनावर लाभावे म्हणून. आपल्याकडे बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरतो. बघ्यांना आकडा कळत नाही, कळू द्यायचा नसतो. मग इसार दिला जातो आणि चहा होतो. चहा झाल्यावर मागे फिरणारा माणूस पुढच्या बाजारात कोणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही.

आता बैल कमी झाले आणि जमिनीचे व्यवहार वाढले. पानशेत-वरसगावच्या पाण्यापासून गुंजवणीपर्यंत पुण्या-मुंबईच्या माणसांना डोंगर दिसेल असा तुकडा हवा असतो. त्यामुळे वेल्ह्याच्या बाकड्यावर हल्ली पांढऱ्या गाडीतून उतरलेले पाहुणे, प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचे उतारे घेतलेला एजंट आणि मधे कमी बोलणारा जमीनमालक असे त्रिकूट दिसते. इथेही शिष्टाचार आहे. शेजारच्या बाकड्यावरच्यांनी कान द्यायचा, मान वळवायची नाही. चहाचे पैसे एजंट देतो. आणि जमीनमालकाने तो चहा घेतला नाही, नुसता पुढ्यात ठेवून गार होऊ दिला, तर गाडीतले पाहुणे सोडून सगळ्यांना कळते की भाव जमलेला नाही.

मग प्रश्न असा की हे सगळे चहाच्या वाट्याला का आले? दारू महाराष्ट्रात काही कमी पीत नाहीत. पण आपल्याकडे पिणाऱ्याला रस्त्याकडे तोंड करून बसायची जागा कधी मिळाली नाही, आणि त्याचे कारण बरेचसे कायद्यात आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. साठच्या दशकात बंदी सैल झाली, तरी पिण्याला परवाना लागतो ही अट राहिली. बारला ‘परमिट रूम’ हे नाव पडले ते त्यामुळे. देशी दारूचा एका दिवसाचा परवाना २ रुपयांचा, विदेशी बनावटीच्या दारूचा ५ रुपयांचा, वर्षाचा १०० आणि आयुष्यभराचा १००० रुपयांचा. बिअरला वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, कडक दारूला २५. म्हणजे एकवीस वर्षांच्या माणसाला सरपंचकीला उभे राहता येते, संसार मांडता येतो, पण ग्लासात व्हिस्की ओतून घेता येत नाही. परवाना प्रत्यक्षात किती जण काढतात हे प्रत्येक पिणाऱ्याला माहीत आहे. थोडक्यात, आत बसलेला जवळपास प्रत्येक जण कायद्याच्या लेखी थोडासा चोर असतो.

चोराला खिडकी नको असते. म्हणून महामार्गालगतच्या परमिट रूमला काळ्या काचा, आत मंद निळा उजेड, दारात पडदा, आणि जेवायला येणाऱ्या बायकामुलांसाठी वेगळी ‘फॅमिली रूम’. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर मोजपट्ट्या निघाल्या. नगरपालिकांच्या हद्दीला पुढे सवलत मिळाली. गावातल्या दुकानाची गोष्ट आणखी वेगळी. २००८ पासून राज्यात गावाला मतदान घेऊन दारूचे दुकान बंद करता येते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि आडवीला मत देण्यासाठी बायका रांगा लावतात. त्यांच्या रागाला घराघरांतले पुरावे आहेत. गुत्त्यावर जाणारा माणूस तिथे बसायला जात नाही. उभ्या-उभ्या घशात ओततो आणि निघतो. तिथे ‘या, घ्या’ म्हणणारा भेटला तर तो मैत्रीचा असतोच असे नाही.

आयर्लंडही सरसकट पिणाऱ्यांचा देश नव्हता. १८३८ मध्ये फादर मॅथ्यू या पाद्र्याने दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली आणि लाखोंनी ती घेतली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या पायोनियर संघटनेची माणसे न पिण्याची खूण म्हणून कोटावर बिल्ला लावत. गुड फ्रायडेला पब उघडे ठेवायची परवानगी १९२७ नंतर थेट २०१८ मध्ये मिळाली. लाज तिथेही होती. तिच्यासाठी ‘स्नग’ होता. पबच्या एका कोपऱ्यात लाकडी पार्टिशनची छोटी खोली, तिला काउंटरकडे उघडणारी वेगळी खिडकी. पाद्री, पोलीस आणि बायका त्या खिडकीतून पेला घेत. फरक इतकाच की तिथे लाजणाऱ्यांपुरता कोपरा होता आणि बाकीचा पब उजेडात होता. आपल्याकडे सगळी परमिट रूमच स्नग झाली, आणि उजेडातली बाकडी चहाने घेतली.

उजेडात बसायची जागा आहे म्हटल्यावर ती कोणाची, हा प्रश्न येतोच. आयरिश पबचे गोडवे गाणारे त्याच्या दाराबद्दल कमी बोलतात. सत्तरच्या दशकापर्यंत डब्लिनच्या काही पबांत बाईला पूर्ण पाइंट देत नसत; अर्धा पेला चालेल म्हणत. नेल मॅकॅफर्टी ही पत्रकार आणि तिच्या साथीदार मिळून तीसेक बायका नीअरीज या पबमध्ये गेल्या, तीस ब्रँडी मागवल्या, त्या आल्यावर एक पाइंट गिनीज मागितली. मालकाने नकार दिला. बायकांनी ब्रँडी संपवली आणि मागणी पुरी झाली नाही म्हणून पैसे न देता बाहेर पडल्या. भटक्या ट्रॅव्हलर समाजाला तर पबच्या दारातूनच परत पाठवत. २००० च्या समान दर्जा कायद्याने ते बेकायदा ठरवले. पबमालकांच्या ओरडीनंतर २००३ मध्ये अशा तक्रारी समता लवादाकडून काढून जिल्हा न्यायालयाकडे दिल्या गेल्या.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. तिथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी-तलावांबरोबर दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचाही स्पष्ट उल्लेख आला आणि १९५५ मध्ये अस्पृश्यतेचा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांत चहाच्या हॉटेलाबाहेर वेगळी कपबशी खुंटीला टांगलेली पाहिलेली माणसे आज हयात आहेत. पिऊन झाल्यावर ज्याची त्याने विसळून ठेवायची. बाकड्यावर कोणी सरकून जागा दिली, या साध्या गोष्टीला एवढा इतिहास आहे. बायकांचे म्हणाल तर गावातली बाई अजूनही या बाकड्यावर सहसा बसत नाही. एसटीची वाट बघत ती शेडमध्ये उभी राहते आणि चहा हवाच असेल तर पोराला पाठवते. शनिवार-रविवारी पाठीवर सॅक घेतलेल्या पोरी तोरणा चढायला येतात आणि त्याच बाकड्यावर पाय पसरून मिसळ खातात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. पण त्या उठून गेल्या म्हणून गावातली कोणी तिथे येऊन बसत नाही.

ट्रेकर हे या हॉटेलाचे नवे गिऱ्हाईक, आणि शिष्टाचाराच्या बहुतेक चकमकी त्याच्याशी होतात. राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात हे जवळून दिसते. गडावर मुक्कामाला पुरातत्त्व खात्याने मनाई केल्यावर झोपायची आणि जेवायची सोय पायथ्याच्या घरांवर आली. हे धड हॉटेल नाही, धड पाहुणचारही नाही; पडवीत बसून विकत घेतलेले जेवण आहे. माणसे किती हे आदल्या दिवशी फोनवर सांगायचे. बारा सांगून सात आले तर पाच जणांचे पिठले वाया जाते, आणि सात सांगून बारा आले तर घरच्यांचे ताट कमी होते. चिखलाचे बूट अंगणात. ताटात घेतलेले टाकायचे नाही. ‘मेनू काय’ विचारायचे नाही. पिठले, भाकरी, ठेचा, कांदा, भात-आमटी, कोंबडी हवी असेल तर आधी सांगितलेली.

आणि भाकरीची घाई करायची नाही. मावळ भाताचा, म्हणून इथे तांदळाची भाकरी. पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढायची, हात पोळत असतानाच ती मळायची, परातीत थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायच्या बेतात आले की उलटायची आणि शेवटी तवा उतरवून निखाऱ्यावर उभी धरायची. फुगली की झाली. चुलीपाशी एक बाई आणि पडवीत बारा भुकेले. अशा वेळी भाकरी एकेक करून येते आणि पहिली मोडून सगळ्यांत वाटायची असते. ‘ताई, सगळ्या एकदम आणा ना’ म्हणणाऱ्याला गार झालेल्या मिळतात.

पबमध्येही परक्याची परीक्षा अशा ठिकाणी होते. कोपऱ्यात फिडल आणि बासरी घेऊन चौघे-पाच जण वाजवत बसतात, त्याला सेशन म्हणतात. ती मैफल नसते; माणसे आपापसांत वाजवत असतात. रिकामी दिसणारी खुर्ची येणाऱ्या वादकाची असू शकते, तिथे बसू नये. टेबल बडवून ठेका धरू नये. कोणी एकट्याने जुने गाणे उचलले तर सगळा पब बोलायचा थांबतो, आणि त्या वेळी पेल्यांचा आवाज करणाऱ्याकडे मालकच बघतो. पाबे घाटात गाडीची डिकी उघडून स्पीकर लावणाऱ्या, रस्त्यातच नाचणाऱ्या टोळक्यांकडे वेल्हेकर बघतो ते याच नजरेने. गडावर दारू चढू नये म्हणून तर एकतीस डिसेंबरच्या रात्री किल्ल्यांच्या पायथ्याला तरुण मुलेच पहारा देतात.

आयर्लंडच्या खेड्यांतले पब झपाट्याने मिटत आहेत. २००५ पासूनच्या वीस वर्षांत दोन हजारांहून अधिक बंद झाले. २००४ मध्ये धूम्रपानबंदी आली, अशी बंदी देशभर घालणारा आयर्लंड जगातला पहिला देश. २०१८ मध्ये पिऊन गाडी चालवण्याचा कायदा आणखी कडक झाला, आणि शेतावरून चार मैल गाडी हाकत येणारा म्हातारा घरीच बसू लागला. आयरिश पबचे लाकूडकाम, पाट्या आणि जुने फोटो कंटेनरमध्ये भरून जगभर पाठवणारा धंदा मात्र जोरात चालला. पुण्या-मुंबईतही आयरिश नावाचे पब निघाले. त्यांत गिऱ्हाईक टेबलावर बसते, वेटर येतो, सेवाशुल्क बिलात लागते आणि बिल फोनवर चौघांत समान वाटून घेतात. राउंड कोणीच घेत नाही.

वेल्ह्याच्या हॉटेलांना बंद पडायची भीती सध्या नाही. सुट्टीच्या दिवशी बाकडे पुरत नाही. बदल वेगळ्याच बाजूने आला आहे. गल्ल्यापाशी क्यूआर कोड चिकटला आणि त्याच्या शेजारी पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा डबा. ‘राहू द्या, मी देतो’ची झटापट आता हात धरून होत नाही, ज्याचा फोन आधी लागला तो जिंकला. कोणी लांबूनच स्कॅन करून मोकळा होतो आणि ज्याचा चहा त्याने दिला त्याला ते डबा ओरडल्यावर कळते. कोणी किती दिले हे कोणी मोजायचे नाही, हा बाकड्याचा मूळ कायदा. आता आकडा सगळ्या हॉटेलाला रुपयांत ऐकू जातो. त्यावर मावळातला पाऊस हा एक उतारा आहे. जुलैत वीज आणि रेंज बरोबरच जातात, डब्याचे काही चालत नाही, आणि गल्ल्याखालची उधारीची वही पुन्हा वर येते. वहीत नाव चढायला मात्र गाव लागते. रेनकोट घातलेल्या ट्रेकरने ‘काका, लिहून ठेवा, रेंज आली की पाठवतो’ म्हटले, तर काका हसतात आणि सुटे आहेत का विचारतात.